धाकटीतली काजळी

आमच्या दुर्बिणीला तीन आयपीस होत्या आणि घरात त्यांना जावांसारखी नावं होती: थोरली, मधली आणि धाकटी. आयपीस म्हणजे दुर्बिणीच्या मागच्या टोकाला बसवायचं, डोळा लावायचं भिंगाचं छोटं नळकांडं. दुर्बीण तीच राहते, पण मागे कोणती आयपीस लावता त्यावर चंद्र केवढा दिसणार ते ठरतं. थोरलीतून चंद्र ताटाच्या मधोमध ठेवलेल्या पुरीएवढा दिसे, चारी बाजूंना काळं आकाश राखून. मधलीतून तो जवळजवळ ताटभर होई. आणि धाकटीतून तर ताटाबाहेर सांडे. त्याचा एक तुकडाच हाती लागे, पण त्या तुकड्यातले खड्डे, डोंगर आणि त्यांच्या सावल्या अशा की बोट लावून पाहावंसं वाटे. प्रत्येकीच्या अंगावर आकडा कोरलेला होता, आणि आकडा जितका लहान तितकी आयपीस जहाल. हे आईला शेवटपर्यंत पटलं नाही. "लहान आकड्यानं मोठं दिसते, हे कोणत्या शाळेत शिकवते?" असं ती दर वेळी विचारी, आणि उत्तराची वाट न पाहता चुलीकडे, म्हणजे गॅसकडे, वळे. तिघींना बाबांनी कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डब्यांत, आईच्या जुन्या पातळाच्या मऊ चिंधीत गुंडाळून ठेवलं होतं. त्या डब्यांना आम्हा भावंडांनी हात लावायचा तर आधी साबणाने धुवायचा, असा नियम होता. देवाच्या पूजेलाही आमच्याकडे इतकं सोवळं नव्हतं.

बाबा सरकारी नोकरीत ड्राफ्ट्समन होते, म्हणजे नकाशे काढत. मूळचे वर्ध्याकडचे, नोकरी मध्यप्रदेशात लागली म्हणून रायपूरला आले आणि मग इथलेच झाले. ट्रेसिंग पेपरवर शाईची रेघ ओढताना ते श्वास रोखून धरत, आणि दुर्बिणीला डोळा लावतानाही. डोळा कायम उजवा. डावा ते तळहाताने झाकत, आणि तो हात इतका सवयीने वर जाई की टीव्हीवर क्रिकेट पाहताना कोणी खेळाडू नीट दिसला नाही तरी त्यांचा तळवा अर्ध्यावर उठलेला असे. दुर्बीण त्यांनी पुण्याहून पार्सलने मागवली होती. स्कूटरवर मावेल एवढी: नळी माझा धाकटा भाऊ पंकज पुढे उभा राहून कवटाळायचा, तिपाई मी मागे बसून मांडीवर आडवी धरायची, आणि तिन्ही डब्या बाबांच्या शर्टाच्या खिशात. असं आम्ही मंदिर हसौद गावाच्या पुढे, धानाच्या शेतांजवळच्या एका उघड्या माळावर जात असू. आईने बांधून दिलेली पाटोडी नाहीतर तांदळाच्या पिठाचा चीला खायचा आणि अंधार पडला की शनीची कडी पाहायची. घरच्यांपेक्षा रस्त्याने जाणाऱ्यांनाच त्या कड्यांचं कौतुक जास्त. सायकल उभी करून लोक रांग लावत, आणि प्रत्येकाला एकच हवं असे: सबसे बड़ा दिखाइए. बाबा म्हणत, मोठं म्हणजे चांगलं असं नसते गा भाऊ. कोणी ऐकत नसे. मग ते धाकटी लावत.

नवं राज्य झालं आणि रायपूर राजधानी झाली तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आम्ही चौबे कॉलोनीत भाड्याने राहत होतो. रात्रीतून शहरात लाल दिव्याच्या गाड्या आल्या, पाट्यांवरचं राज्याचं नाव खरवडून नवं रंगवलं गेलं, आणि भोपाळहून आलेल्या साहेबलोकांना घरं हवी झाली. आमच्या घरमालकाने पेढे दिले आणि त्याच हाताने भाडं असं वाढवलं की आम्ही सामान बांधून शहराच्या कडेच्या बीरगावात आलो. बाबांना त्याचं काही वाटलं नाही. ते खुशीत होते. आयुष्यभर शेतसाऱ्याच्या हद्दी आणि कालव्यांचे फाटे काढलेल्या माणसाला आता नव्या राजधानीच्या शहराचे कच्चे नकाशे काढायला बसवलं होतं. मंत्रालय जुन्या इस्पितळाच्या इमारतीत थाटलेलं होतं, आणि बाबांचं टेबल जिथे लागलं त्या खोलीत पूर्वी डोळ्यांचा विभाग होता म्हणे. भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगायचा खिळा तसाच होता. त्या खिळ्याला बाबा डब्याची पिशवी अडकवत. नवं शहर वसणार होतं ते आमच्या माळाच्याच बाजूला. "आपल्या माळावरून आज शंभर फुटी रोड काढला," असं त्यांनी एकदा जेवताना सांगितलं. आई म्हणाली, "मंग आता तारे कुठून पाह्यसान?" ते हसले आणि गोळाभातावर आणखी कढी मागितली.

बीरगावात काळी डस्ट होती. पलीकडे उरला आणि सिलतरा ही कारखान्यांची गावं, तिथे स्पंज आयर्नच्या, म्हणजे कच्चं लोखंड करायच्या, भट्ट्या. वारा तिकडून आला की गच्चीवर पाय ठेवला तरी तळवे काळे. आई धुणं वाळत घालताना दोरी आधी पुसे, कपडे काढताना ते झटके, आणि तरी बाबांच्या पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर राखाडी रेघ राहीच. तुळशीची पानं आम्ही धुऊन मग पाणी घालत असू. भाजी काळी पडली, पंखा करकरला, खोकला आला, कोणाचं काही बिघडलं की गल्लीत एकच उत्तर होतं: डस्ट. शेजारी मेश्रामकाका राहत. ते भंडाऱ्याचे, सिलतऱ्याच्या एका प्लांटमध्ये फोरमन. शिफ्टवरून आले की अंगणात बादलीभर पाणी अंगावर घेत आणि मग आमच्याकडे चहाला येत. बाबांचं आणि त्यांचं जमलं ते दुर्बिणीमुळे. त्यांना गुरूचे चंद्र दाखवले तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, हे लोक इतके दिवस वर होते आन् आपल्याले कोणी सांगितलंच नाही."

बाबांचे दुर्बिणीचे नियम बरेच होते, पण एक ते सगळ्यांच्या डोक्यात ठोकून बसवत. आत डाग दिसला तर लगेच पुसायला जायचं नाही. आयपीसचा स्क्रू सैल करायचा आणि तिला जागच्या जागी फिरवायचं. डाग तिच्याबरोबर फिरला तर तो आयपीसवर आहे. तिथेच राहिला तर ती बिचारी निर्दोष. मग डाग पुढच्या भिंगात शोधायचा, नाहीतर स्वतःच्या डोळ्यात. पंकजने एकदा चंद्रावर साप आहे म्हणून आरडाओरडा केला होता आणि तो त्याच्याच पापणीचा केस निघाला. तेव्हापासून घरात म्हणच झाली: "आधी फिरवून पाह्य, मंग बोंब मार." हरवलेली किल्ली, बिघडलेला मिक्सर, कशालाही आम्ही ते म्हणायचो. आज मी कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि प्रयोगशाळेत पोरं उपकरणाला दोष द्यायला लागली की माझ्या तोंडातून तेच निघतं. पोरांना वाटतं मॅडमचा विनोद आहे.

धाकटी बिघडली ती बीरगावातल्या पहिल्या पावसाळ्यानंतर. एका संध्याकाळी गच्चीवर बाबांनी अष्टमीचा चंद्र लावला आणि पुटपुटले, "डावीकडं वरती धूसर होऊन राहिलं." मी पाहिलं, मला स्वच्छ दिसलं. पंकजने पाहिलं. "मुझे तो पूरा दिख रहा है, बाबा." त्याला मराठी सगळं कळे, पण उत्तर तो हिंदीतच देई. बाबा म्हणाले, "तुमचं लक्ष नसते. वरच्या डाव्या कोपऱ्यात पाहा, चावा घेतल्यावानी आहे." आम्ही पुन्हा पाहिलं आणि बाबांचं मन राखायला म्हटलं, असेल थोडंसं. थोरलीतून त्यांना चंद्र अख्खा दिसे, मधलीतूनही दिसे, फक्त कडेला किंचित पुसट. म्हणजे दोष धाकटीतच. आणि कारण तर हातभर काळं आमच्या पायांखाली पसरलेलं होतं. ज्या माणसाने फिरवून पाहायचा नियम घरात लावला त्याने धाकटीला फिरवून पाहिलं नाही, कारण बीरगावात काळं दिसलं की कोणी कारण शोधायला जात नसे. नियम जिथे शंका असते तिथे लागतो.

मग धाकटीची सेवा सुरू झाली. रविवारी दुपारी बाबा जेवणाच्या ताटात पांढरा कागद अंथरत, धाकटीचं कडं फिरवून काढत आणि आतली भिंगं एकेक करून काढून ठेवत. खिडकी बंद, पंखा बंद, आम्ही घामाने निथळत बाजूला. मेश्रामकाकांनी प्लांटच्या लॅबमधून फुंकर मारायचा रबरी फुगा आणून दिला होता. "मेश्राम, तुमच्या भट्टीनं माही धाकटी आंधळी केली," बाबा म्हणत. काका म्हणत, "भाऊ, आमची डस्ट फुफ्फुसात जाते, तिथं तुमच्या डबीचं काय घेऊन बसले." पण गंमत करता करता त्यांना खरंच अपराधी वाटायला लागलं होतं असं मला वाटतं, कारण पुढे ते डबी उघडली की हात मागे बांधून बसत. भिंगं साफ होत, पुन्हा बसत, संध्याकाळी बाबा चंद्र लावत आणि म्हणत, "अजून आहे." आई चिडे. "बह्याड झाले काय तुम्ही? त्या डबीले जितकं न्हाऊमाखू घातलं तितकं पोरायले घातलं नाही." आम्ही सगळे हसत असू. बाबाही हसत.

कोजागिरी आली. गल्लीत चार मराठी घरं, आणि गच्ची आमची. आश्विनी पौर्णिमेला मेश्रामकाकांचा वर्षावास, म्हणजे बौद्धांचा पावसाळ्यातला व्रताचा काळ, संपे. ते सहकुटुंब विहारातून वंदना करून, पांढऱ्या कपड्यांतच, खिरीचं पातेलं घेऊन येत. आमच्याकडे दूध आटत असे. चारोळी घरमालकीण साहू दीदी गावाकडून मूठ मूठ नव्हे, डबाभर आणत. इथे जंगलात ती पिकते, पुण्यामुंबईसारखी मोजून टाकावी लागत नाही. संध्याकाळीच चंद्र वर आला, भट्ट्यांच्या धुरामुळे आधी तांबडा आणि मग चोख. बाबा सकाळपासून कुरकुरत होते की पौर्णिमेचा चंद्र म्हणजे पापड, त्याला सावल्या नसतात, दुर्बिणीत मजा येत नाही. पण दुर्बीण सगळ्यांच्या आधी गच्चीवर त्यांनीच नेली. थोरलीतून सगळ्यांचं दर्शन झालं. मग नेहमीसारखी मागणी आली, सबसे बड़ा. बाबांनी धाकटी लावली, स्वतः पाहिलं, आणि बाजूला होत जाहीर केलं, "वर डावीकडं काजळी आहे, तेवढं सोडून पाह्यजा."

पहिल्यांदा मेश्रामकाकांच्या आई बसल्या. सगळी गल्ली त्यांना आजी म्हणे. मोतीबिंदू काढलेला डोळा त्यांनी लावला आणि बराच वेळ उठेनात. मग म्हणाल्या, "मले तं भाकरीवानी साफ दिसून राह्यलं, भाऊ. कुठं हाय काजळी?" सगळे हसले. साहू दीदींनी पाहिलं. "हव, बने दिखत हे," छान दिसतंय असं त्या त्यांच्या बोलीत म्हणाल्या. मेश्रामकाकांनी पाहिलं आणि त्यांचा चेहराच उजळला, जणू प्लांटवरचा आरोप मागे घेतला होता. "गेली भाऊ तुमची काजळी. साफ झाली." पंकज म्हणाला, "सच में बाबा, एकदम क्लियर है." मी दुधाचे पेले घेऊन दुर्बिणीपाशीच उभी होते. बाबा हसत होते, पण ओठांनीच. ते स्टुलावर बसले. डावा तळवा डाव्या डोळ्यावर गेला. त्यांनी पाहिलं. मग हात काढून त्यांनी धाकटीचा छोटा स्क्रू सैल केला, तिला अर्धा फेर दिला आणि पुन्हा डोळा लावला. पुन्हा फिरवली, पुन्हा पाहिलं. मागे आजी आणि आई चारोळी दुधात आधी टाकावी की नंतर यावर बोलत होत्या. बाबांनी मग एक गोष्ट केली जी मी त्यांना कधीच करताना पाहिली नव्हती: उजवा तळवा उजव्या डोळ्यावर ठेवला आणि डाव्या डोळ्याने पाहिलं. खूप वेळ पाहिलं. चंद्र दुर्बिणीतून सरकून गेला असेल, इतका वेळ.

उठले तेव्हा म्हणाले, "हव, साफ झाली. पण डोळ्याले झोंबते ही. सगळ्यांले थोरलीच बरी." त्यांनी धाकटी काढली, चिंधीत गुंडाळली, डबीत घातली आणि डबी खिशात टाकली. मी पेला पुढे केला. एक घोट घेऊन ते म्हणाले साखर कमी आहे. आई तिकडून म्हणाली, "दोन वाट्या टाकली, जीभ पाहा आपली." मला वाटलं बाबा आजीसमोर वरमले, इतके रविवार घासूनपुसून शेवटी काजळी नव्हतीच, म्हणून ओशाळले. त्यांना आणखी ओशाळवाणं होऊ नये म्हणून मी आयपीसचा विषय काढला नाही, आणि पंकज काढायला लागला तेव्हा त्याला डोळ्यांनी दटावलं. त्या रात्री घर भरलेलं होतं. आजीने ओवी म्हटली, मेश्रामकाकांनी भीमगीत, साहू दीदींनी त्यांच्या गावाकडचं सुवा गीत, आणि बाबांनी आग्रह करूनही काही म्हटलं नाही.

पुढच्या महिन्यांत बाबांचं कपाळ सारखं कुठे ना कुठे आपटू लागलं. उघड्या खिडकीचं दार, कपड्यांची दोरी, जिन्याची वरची पायरी जिथे छत खाली येतं ती जागा. आई म्हणे, "या वयात उंची वाढून राह्यली काय?" संध्याकाळनंतर ते स्कूटर काढीनात, म्हणत, राजधानी झाली तशी गाड्या फार झाल्या. नकाशावर बसले की मान एका बाजूला कलती ठेवत. आम्ही म्हटलं, मानेचं दुखणं, आणि आईने एरंडेल गरम करून चोळलं. उन्हाळ्यात मला नागपूरला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. स्टेशनवर बाबांनी खिशातून ती काळी डबी काढली आणि माझ्या हातात ठेवली. "धाकटी तुह्याजवळ राहू दे. इथं काजळी लागते तिले." हॉस्टेलच्या गच्चीवर मैत्रिणीच्या दुर्बिणीला मी ती लावली तर ती इतकी स्वच्छ होती की मला बाबांच्या त्या घामट रविवारांचा अभिमान वाटला. तसं मी पत्रात लिहिलंही. त्यांनी उत्तरात लिहिलं, नीट जप.

मी शिक्षण संपवून आले त्या दिवाळीत खिडकीच्या कोपऱ्यावर आपटून त्यांचं कपाळ फुटलं. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनीच विचारलं, खिडकी दिसली नाही का, आणि डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवलं. तिथे एका यंत्रात तोंड घालून, ठिपका चमकला की बटण दाबायचं होतं. बाहेर बाकावर आई आणि मी बसलो होतो. बटणाचा आवाज यायचा, मग बराच वेळ यायचाच नाही. डॉक्टरांनी कागद पुढे ठेवला. उजव्या डोळ्याचं वर्तुळ बहुतेक काळं होतं, मध्ये एक छोटा उजेड. डाव्यातही वरून काळं उतरायला लागलेलं. काचबिंदू. डॉक्टरांनी विचारलं, "कब से है ये?" मला वाटलं बाबा म्हणतील, माहीत नाही. ते म्हणाले, "कोजागरी से." डॉक्टरांना कळलं नाही. "शरद पूनम से, डॉक्टर साहब. इस वाली से नहीं. वंदू नागपूर गई उसके पहले वाली." वंदू म्हणजे मी.

डॉक्टर तरुण होते, त्यांना लपवाछपवी जमत नव्हती. गेलेली नजर परत येत नाही, म्हणाले. उरलेली थेंबांनी राखता येते, जमेल तितकी. तेव्हा आला असतात तर फक्त एक कोपरा गेला असता. ऑटोत आई बाबांच्या शेजारी बसली होती. भनपुरीच्या फाटकापाशी ती म्हणाली, "साखर कमी हाय म्हणाले होते तेव्हा?" बाबांनी मान हलवली. "तेव्हाच." आईने पदर तोंडावर घेतला आणि आम्ही घरी येईपर्यंत तसाच धरून ठेवला.

मी मात्र बोलले. त्याच संध्याकाळी गच्चीवर, धुणं काढता काढता. "काहून नाही सांगितलं, बाबा?" ते म्हणाले, "सांगितलं असतं तं तू गेली असती नागपूरले?"

"गेली असती."

"नसती गेली. मी ओळखतो तुले."

"मंग मी गेल्यावर तरी?"

"मंग नकाशाच्या शिटा होत्या नं हातात. नव्या शहराच्या. डोळ्याचं कळलं असतं तं माहं टेबल गेलं असतं." दोरीवरचा स्वतःचाच शर्ट चाचपत ते म्हणाले, "आन् मले वाटे, फिरवण्यातच काही चुकलं असन. धाकटीच खराब निघाली असती तं किती बरं झालं असतं, वंदू. नवी मागवता आली असती."

मला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर तो अजून पुरता उतरलेला नाही. लोक म्हणतात, बापाने मुलीसाठी डोळे दिले. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. कोणी मागितले होते डोळे? रोज रात्री दोन थेंब टाकून मला नागपूरला पाठवता आलं असतं, नकाशेही झाले असते. बाबा त्यागी नव्हते, भित्रे होते आणि हट्टी होते, आणि मला त्यांचा तो भित्रेपणा इतका ओळखीचा आहे की त्यांना दिलेला दोष मला स्वतःलाच दिल्यासारखा वाटतो. सत्य त्यांनी स्वतःच्या नियमाने शोधलं, गच्चीभर माणसांमध्ये, आणि मग ते डबीत घालून खिशात टाकलं. त्या शिटाही पुढे कॉम्प्युटरवर नव्याने काढल्या गेल्या. आता ते शहर उभं आहे, रुंद रस्त्यांचं, आणि आमच्या माळावर इतके दिवे आहेत की तिथून शनी शोधायचा तर आधी खांब टाळावे लागतात. बाबांना तिथे नेलं होतं एकदा. मान फिरवून फिरवून त्यांनी तो चौक तुकड्यातुकड्यांनी पाहिला आणि म्हणाले, वळण बरोबर आलंय.

थेंबांनी काम केलं, पण उशिरा सुरू झालेलं काम. नजर आक्रसत गेली आणि आयपीस एकेक करून त्यांच्या हातून सुटल्या. धाकटी गेलेलीच होती. मग मधलीतला चंद्र त्यांच्या नजरेच्या भोकाबाहेर जायला लागला, जसा एके काळी धाकटीचा ताटाबाहेर सांडे. मग काही वर्षांनी थोरलीतलाही. आम्ही जितकं जवळ आणून दाखवू तितकं ते हरवून बसत. शेवटी उरला तो नुसत्या डोळ्यांचा चंद्र, दुर्बिणीशिवायचा. तो लहान असतो म्हणून त्यांच्या उरलेल्या तेवढ्याशा उजेडात मावत असे. ज्या माणसाने आम्हाला चंद्राचे डोंगर दाखवले त्याच्यासाठी अखेरीस चंद्र पुन्हा तेवढाच झाला जेवढा तो गल्लीतल्या कोणालाही दिसतो.

त्यांची शेवटची कोजागिरी माझ्या घरच्या गच्चीवर झाली. आजी कधीच गेल्या होत्या, मेश्रामकाका निवृत्त होऊन भंडाऱ्याला परतले होते, पंकज बंगळुरूला. आई, बाबा आणि मी. आईने चारोळी घालून दूध आणलं. मी दुर्बीण लावली आणि सवयीने विचारलं, "थोरली लावू, बाबा?" ते म्हणाले, "नको. तिच्यातून आता काठ सापडत नाही." आईने त्यांची हनुवटी धरून तोंड हळूच वर आणि थोडं पूर्वेला वळवलं, जसं लहान मुलाला दाखवतात. ते शोधत राहिले, डोळे इकडे तिकडे, आणि मग थांबले. "हव. सापडला. पुरा आहे." बराच वेळ ते तसेच बसून होते. मी दुर्बिणीला धाकटी लावली होती आणि माझ्या उजव्या डोळ्याने पाहत होते. काचबिंदू घराण्यात उतरतो. माझी तपासणी दर वर्षी होते, ते त्यांना माहीत होतं.

"वंदू, कोणती लावली?"

"धाकटी."

"अख्खं दिसते?"

"दिसते."

"डाव्यानं?"

मी तळवा बदलला. "दिसते, बाबा."

"फिरवून पाह्यलं?"

नव्हतं पाहिलं. इतकं स्वच्छ दिसत असताना फिरवायचं कशाला, असं मी म्हणणार होते. त्याऐवजी स्क्रू सैल केला, धाकटीला अर्धा फेर दिला, उजव्या डोळ्याने पाहिलं, पुन्हा फिरवली, डाव्याने पाहिलं. ते ऐकत होते. धातूवर धातू घासल्याचा तो बारीक आवाज त्यांना माझ्याहून जास्त ओळखीचा होता. मला डोळा काढायला वेळ लागला, कारण आत सगळं पाण्याने भरलं होतं आणि ते पाणी माझं होतं.

"साफ आहे," मी म्हणाले.

"मंग दूध पी," बाबा म्हणाले. "थंडं होऊन राह्यलं."